आई विचारते ‘का गं?’ आणि ते वाक्य मीच लिहिलेलं असतं

प्रिय ताई,

झोप आणि हृदयाचे ठोके टिपणारे मनगटावरचे बँड बनवणाऱ्या एका कंपनीत मी आहे. ॲपमध्ये जी छोटी छोटी वाक्यं दिसतात, ती लिहिणं हे माझं काम. मागच्या महिन्यात आमचाच एक बँड आईला दिला. ती 62 वर्षांची आहे आणि रोज पहाटे चालायला जाते. मंगळवारी सकाळी बँडवर आलं : ‘आजची तयारी 54. शरीर अजून सावरलेलं नाही. आज आराम करा.’ आई बूट घालून तयार होती. तिने बूट काढून ठेवले आणि मला विचारलं, ‘का गं? मला तर बरं वाटतंय. याला काय दिसलं?’ ते वाक्य माझंच होतं, पण उत्तर मला माहीत नव्हतं.

ऑफिसात विचारलं. स्कोअर काढणारं संगणकाचं मॉडेल बनवणारे म्हणाले, आत पंधरा-वीस गोष्टी जातात आणि बाहेर एक आकडा येतो, नेमकं का ते नाही सांगता येत. साहेब म्हणाले, लोक वाचत नाहीत, पण विश्वास बसायला कारण लागतं, तेव्हा प्रत्येक स्कोअरखाली कारणाची एक ओळ टाक. कायदा बघणारे म्हणाले, जितकं कमी लिहाल तितकं बरं. ओळी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, मी कारणं रचतेय. हे खोटं बोलणं झालं का? किती सांगावं, काय सांगावं? आणि आईचं काय करू? ती हल्ली उठल्याबरोबर आधी बँड बघते आणि मग ठरवते, की आपल्याला झोप लागली होती की नाही.

– जुळारीण

प्रिय जुळारीण,

टोपणनाव आवडलं. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी मजकूर उलटा वाचायला शिकायचा, कारण खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. तुलाही सध्या तेच करायचं आहे : आपण लिहिलेलं वाक्य पलीकडच्या बाजूने, आईच्या जागी बसून वाचायचं.

आधी आईचं बघू. ऑफिस सोमवारपर्यंत थांबेल.

तिने बूट काढले, तिथे मी वाचता वाचता थांबले. तिच्यासमोर दोन साक्षीदार होते. एक तिचं स्वतःचं अंग, जे म्हणत होतं बरं आहे. दुसरा बँड. बँड जिंकला, कारण त्याच्याकडे आकडा होता. अंगाला आकडे बोलता येत नाहीत. म्हणून तिला आधी हे कळायला हवं की या दुसऱ्या साक्षीदाराला रात्री नक्की काय दिसलं.

बँड काढून तिच्या हातात दे आणि उलटा कर. मागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो तिला दाखव. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, की परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. जोडीला हात किती हलला हे टिपणारा एक सेन्सर, आणि काही बँडांत त्वचेचं तापमान. झोपेचा सगळा इमला एवढ्यावर उभा असतो. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड चिकटवतात. मेंदूचे तरंग, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची नोंद होते आणि त्यावरून गाढ झोप कुठली, स्वप्नांची कुठली हे ठरतं. मनगटावर मेंदू नसतो. तिथून ठोके संथ झाले, हात स्थिर राहिला, दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहिलं, एवढंच समजतं. पुढचा सगळा अंदाज. जागी असून न हलता पडून राहिलेली बाई बँडला झोपलेली वाटू शकते, हे आईला सांग. तिला लगेच पटेल, कारण अशा रात्री तिने काढल्या असतील.

मग ‘गाढ झोप 42 मिनिटं’ या वाक्याकडे दोघी मिळून बघा. 42! चाळीस नाही, पंचेचाळीस नाही. अंदाज इतका काटेकोर लिहिला की तो मोजमाप वाटायला लागतो. हे तुझ्या खात्यातलं काम आहे, त्यावर पुढे येते.

उठल्याबरोबर बँड बघून झोप झाली की नाही ते ठरवणं, ही सवय मात्र आत्ताच मोडायला हवी. झोपेचा आकडा सुधारायच्या नादात ज्यांची झोपच उडाली अशा रुग्णांबद्दल अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी 2017 मध्ये लिहिलं आणि त्या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. त्यांच्यात असेही होते की प्रयोगशाळेतली तपासणी ठीक निघाली तरी समाधान होईना, कारण मनगटावरचं यंत्र वेगळं सांगत होतं. आईला उपाय सोपा आहे : क्रम उलटा. उठल्यावर आधी स्वतःच ठरवायचं, आज कसं वाटतंय, आणि कॅलेंडरवर चौकटीत ‘बरी’ किंवा ‘थकलेली’ एवढं लिहायचं. मगच बँड बघायचा. दोन आठवड्यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. बँड किती वेळा तिच्याशी सहमत होता ते दिसेल, आणि त्याला किती भाव द्यायचा हे तिचं तिला कळेल. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर आणि सैल नाही असा बांधायचा. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर बँड हिरवा असो की लाल, डॉक्टरकडे जायचं.

आता तुझा प्रश्न. माहीत नसलेलं कारण लिहिणं खोटं आहे का? हो, आहे. पण ‘खोटं बोलू नये’ एवढं सांगून मी सुटले, तर साहेबांपुढे तुझा टिकाव लागणार नाही. म्हणून एक जुना प्रयोग सांगते, तो सोबत ने.

1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी छापलेला हा प्रयोग. फोटोकॉपीच्या यंत्रापाशी एकजण जाऊन आधी आलेल्याला विचारतो, माझी 5 पानं आहेत, मधे घुसू का? नुसतं असं विचारलं तर 60 टक्के लोक हो म्हणाले. ‘मला घाई आहे’ असं कारण जोडलं तर 94 टक्के. आणि ‘मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून’ असं म्हटलं तर 93 टक्के! अहो, त्या यंत्रापाशी दुसरं काय करायला येतात? पण ‘म्हणून’ ऐकू आलं आणि माणसं बाजूला झाली. तुझे साहेब ज्या एका ओळीच्या मागे आहेत, तिचं रहस्य हेच. ‘शरीर अजून सावरलेलं नाही’ हे तंतोतंत ‘कॉपी काढायच्या आहेत म्हणून’ आहे. स्कोअर सावरण्याचाच, तो कमी का, तर सावरलं नाही म्हणून. गोल फिरून आपण तिथेच.

पण प्रयोगाचा उरलेला भाग साहेबांना मुद्दाम वाचून दाखव. पानं 5 ऐवजी 20 केली, तर बिनकारणाच्या विनंतीला 24 टक्के होकार, पोकळ कारणालाही 24 टक्केच, आणि खऱ्या घाईला 42. म्हणजे समोरच्याचं फारसं काही जाणार नसतं तोवर पोकळ कारण चालून जातं. त्याला काही सोसायचं असेल, तर तो कारणाकडे नीट बघतो आणि ते पोकळ निघतं. तुझी ओळ शंभर सकाळी खपेल. ज्या सकाळी बूट काढायचे की नाही हा खरा प्रश्न असेल, त्या सकाळी ‘का गं?’ येणार. आलाच की.

माझ्याकडचं वॉशिंग मशीन सांगते. त्यातही म्हणे बुद्धी आहे, कपड्यांचं वजन ओळखून वेळ ठरवतं. पडद्यावर 1 मिनिट दिसायला लागतं आणि ते 1 मिनिट संपतच नाही. एकदा मी घड्याळ लावून बसले, 14 मिनिटं झाली. मी वेडी की यंत्र, असं वाटून शेवटी माहितीपुस्तक शोधलं. (आयुष्यातली बरीच वर्षं मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्यात घालवली, आणि ती कोणी वाचत नाही हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.) कारण साधं निघालं : जाड चादरीसारखं एखादं ओझं ड्रममध्ये एका बाजूला गोळा झालं, की जोरात फिरवायच्या आधी यंत्र ते पसरवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि वेळ थांबून राहते. यंत्राला हे माहीत होतं. ‘कपडे एका बाजूला गोळा झालेत’ एवढं जरी पडद्यावर आलं असतं, तरी मी थांबवून चादर मोकळी केली असती. गणित मला नकोच होतं. आता मी काय करू शकते, तेवढं हवं होतं.

तुझ्या आईलाही पंधरा-वीस गोष्टींची यादी नको आहे. ‘का गं?’ या प्रश्नाचा पोटप्रश्न ऐक : समज, काल 71 होता, आज 54, मधे काय झालं? माणसाचा ‘का’ बहुतेक वेळा असा तुलनेचाच असतो. हे का झालं, आणि ते का नाही झालं. टिम मिलर या संशोधकाने 2019 च्या एका मोठ्या लेखात कृत्रिम बुद्धिमत्तेवाल्यांना हेच बजावलं होतं, की माणसं एकमेकांना कारणं कशी देतात यावर तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी एवढं लिहून ठेवलंय, ते जरा वाचा. तेव्हा तुझ्या ओळीत पहिल्यांदा तुलना आली पाहिजे, आणि कशाशी तुलना ते आलं पाहिजे. आईच्या स्वतःच्या गेल्या महिनाभराच्या रात्रींशी? तिच्या वयाच्या इतर बायकांशी? की कोणीतरी ठरवलेल्या एखाद्या गोल आकड्याशी? गोल आकड्यांवरून आठवलं, रोजची 10,000 पावलं हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव विकायला सोपं होतं. आजही कितीतरी मनगटांवर तो आकडा डॉक्टरने लिहून दिल्यासारखा मिरवतो.

‘नेमकं का ते नाही सांगता येत’ म्हणणाऱ्या मंडळींकडे वळू. ते खोटं बोलत नाहीयेत, पण पूर्ण खरंही नाही. मॉडेल गुंतागुंतीचं असलं, तरी एका विशिष्ट आकड्यामागे कुठल्या गोष्टीने किती जोर लावला, हे काढायच्या पद्धती आहेत. लाइम ही 2016 ची, शॅप ही 2017 ची. शॅपच्या मुळाशी लॉइड शॅपली यांचं 1953 मधलं गणित आहे : चौघांनी मिळून कमाई केली, तर प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती. इथे कमाईच्या जागी स्कोअर, आणि भागीदारांच्या जागी ठोके, हालचाल, तापमान, झोपेची वेळ. तेव्हा त्यांना ‘मॉडेल समजावून सांगा’ म्हणू नकोस, ते हात वर करतील. ‘मंगळवारचा हा 54, यात सगळ्यात मोठा वाटा कोणाचा?’ असं विचार. त्याचं उत्तर मिळू शकतं.

मिळालेलं उत्तर लिहिताना मात्र जपून. हे वाटे मॉडेलने कशावर भर दिला ते सांगतात, शरीरात काय घडलं ते नाही. ‘रात्री ठोके जास्त होते, त्यामुळे आकडा उतरला’ हे म्हणता येतं. ‘ठोके जास्त होते कारण तुम्ही दमला आहात’ हे म्हणता येत नाही. खोली उकडत असेल, जेवण उशिरा झालं असेल, ताप येऊ घातला असेल. यातलं बँडला काहीच दिसत नाही. शिवाय दोन गोष्टी जोडीने हलणाऱ्या असल्या, तर त्यांच्यातली वाटणी थोडी हवेतलीच असते. तेव्हा दशांश चिन्हाच्या भानगडीत पडू नकोस. ‘मुख्यतः’ हा शब्द पुरतो.

आणखी एक आडवा प्रश्न त्यांना विचारायला विसरू नकोस : एवढं गुंतागुंतीचं मॉडेल लागतं का? सिंथिया रुडिन या संगणकशास्त्रज्ञ 2019 पासून ठणकावून सांगतायत, की महत्त्वाच्या निर्णयांसाठी आधी आतलं काही न दिसणारी काळी पेटी बनवायची आणि मग तिच्यासाठी खुलाशांचं ठिगळ शोधायचं, यापेक्षा मुळात उघडं, वाचता येईल असं मॉडेल बनवा. मनगटावरचा स्कोअर चार-पाच गोष्टींची बेरीज असेल, तर ती बेरीजच दाखवता येईल. अशी बेरीज पुरत असेल, तर ‘सांगता येत नाही’ ही अडचण तुम्ही आपल्या हाताने घरात आणलेली आहे.

लाइमवाल्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लांडगा आणि हस्की कुत्रा यांच्यात फरक करणारं एक मॉडेल मुद्दाम वाईट शिकवलं. शिकवायच्या फोटोंत सगळ्या लांडग्यांमागे बर्फ होता आणि हस्कींमागे नव्हता. त्यामुळे मॉडेल बर्फ ओळखायला शिकलं. 27 विद्यार्थ्यांना ते दाखवलं, तेव्हा 10 जण म्हणाले विश्वास ठेवू. मग मॉडेल फोटोतल्या कुठल्या भागाकडे बघतंय ते दाखवलं. विश्वास ठेवणारे 3 उरले. साहेबांच्या वाक्यातली चूक इथे आहे. त्यांना कारण हवंय ते विश्वास वाढावा म्हणून. पण चांगलं कारण कधीकधी विश्वास कमी करतं, आणि करायलाच हवं. तुझ्या ओळी वाचून एखाद्या सकाळी कोणी ‘छे, आज हा चुकलाय’ म्हणून बूट चढवून बाहेर पडलं, तर तुझी ओळ फुकट गेली नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘आज सांगता येत नाही.’ पट्टा सैल असतो, हात गार पडलेला असतो, मनगटावर गडद गोंदण असतं, आणि प्रकाश नीट परतत नाही. यंत्राला हे बऱ्याचदा कळतं, पण ते रिकामी जागा अंदाजाने भरून टाकतं आणि वरून गुळगुळीत रेघ काढतं. ती रेघ तोडायला सांग. ‘2 ते 3.30 नोंद नाही, पट्टा सैल होता.’ साहेबांना रिकामी जागा खुपेल, त्यांना वाटेल बँड बिघडलेला दिसतोय. पण अंधारात दिसलं नाही म्हणणारा साक्षीदारच उजेडात पाहिलेलं सांगतो तेव्हा खरा वाटतो. आणि हा नुसता सैल पट्ट्याचा मामला नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रांबद्दल अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये एक पाहणी छापून आली. यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत तो कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं, कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राचा आकडा कोणाच्या त्वचेवर किती भरवशाचा, हे सांगणंही खुलासाच आहे, आणि ते पान क्रमांक चाळीसवर बारीक टाइपात असून चालत नाही.

आता तुझ्या खास अखत्यारीतली गोष्ट. तू खालच्या ओळीबद्दल विचारलंस, पण खरी गडबड वरच्या शब्दात आहे. ‘तयारी.’ ‘सावरणं.’ आणि तुमच्या ॲपमध्ये ‘ताण’ नावाचाही आकडा असणार, पैज लावते. यातलं काहीच बँड मोजत नाही. दोन ठोक्यांमधल्या अंतरात किती मिलिसेकंदांचा फरक पडत राहतो, हे तो मोजतो. हा फरक घटला की बरेच बँड त्याला ताण म्हणतात. जिना चढलात तरी तो घटतो, आणि आवडत्या माणसाची वाट बघताना छाती धडधडली तरीही. बँडला यातला फरक कळत नाही, पण पडद्यावर ‘तुम्ही तणावात आहात’ येतं, आणि वाचणारा बिचारा आपल्याला कसला ताण आहे ते शोधत बसतो. शोधलं की सापडतोच! कॅलरींचं तर विचारूच नकोस. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी 60 जणांना घेऊन मनगटावरची 7 यंत्रं तपासली. सातपैकी सहांची ठोक्यांतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के, आणि सगळ्यात वाईटाची 93. तेव्हाची ती यंत्रं, आजची थोडी सुधारली असतील. पण एकाच पडद्यावर, एकाच ठसठशीत टाइपात, शेजारी शेजारी हे दोन आकडे बसतात, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात. मोजलेलं आणि अंदाजलेलं वेगळं दिसलं पाहिजे. अंदाजाला ‘सुमारे’ लाव, किंवा ‘40 ते 60 मिनिटं’ असा पल्ला दे. आणि जमलं तर नावं बदलायला भांड. ‘ताण’ऐवजी ‘ठोक्यांची लय’ म्हणालीस तर विक्रीवाले नाकं मुरडतील, ठाऊक आहे मला.

किती सांगावं, याला एकच माप नाही. कानातल्या यंत्राने बाहेरचा गोंगाट कसा दाबला हे मला कळलं नाही तरी बिघडत नाही, कान सांगतात की जमलं. रोजच्या स्कोअरला एक खरी ओळ, आणि बोट लावल्यावर फोनवर चार ओळी. हृदयाच्या ठोक्यांबद्दलचा इशारा असेल, तर मात्र हात राखून लिहू नकोस. ॲपलच्या घड्याळावरची स्टॅनफर्डची मोठी पाहणी 2019 मध्ये छापून आली. 4,19,000 हून जास्त लोक, आणि अनियमित ठोक्यांचा इशारा आला फक्त 0.52 टक्क्यांना. इशारा आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या 34 टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार, सापडला. म्हणजे उरलेल्यांना उगाच घाबरवलं? तसंही नाही. हा विकार येतो आणि जातो, पट्टी लावली त्या दिवसांत तो आला नसेल. पण विचार कर, रात्री अकरा वाजता एकट्या माणसाच्या मनगटावर नुसतं ‘अनियमित ठोके आढळले’ असं आलं तर? तिथे चार गोष्टी हव्यातच : काय दिसलं, कितीदा दिसलं, हे निदान नाही, आणि आता काय करायचं. शिवाय एक पाचवी, जी कोणालाच लिहायची नसते : इशारा आला नाही याचा अर्थ हृदय ठणठणीत आहे असा नाही, आणि मनगटावरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही.

कायदेवाल्यांशी मी फार वाद घालणार नाही. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, यंत्राने परस्पर घेतलेल्या मोठ्या निर्णयांबाबत, त्यामागच्या तर्काची अर्थपूर्ण माहिती द्यायला सांगितलेली आहे. झोपेच्या स्कोअरला ते लागू होईलच असं नाही. पण ‘आज आराम करा’ हा छातीठोक हुकूम लेखी देण्यापेक्षा ‘आम्हाला एवढंच दिसलं’ हे लेखी देणं त्यांनाही जास्त सुरक्षित वाटेल. विचारून बघ.

आता ती ओळच घेऊ. माझा मसुदा असा, आकडे आईच्या बँडमधून खरे घाल :

‘रात्री ठोके मिनिटाला सुमारे 66. गेल्या 30 रात्रींत बहुतेक वेळा 58 ते 61. आजचा आकडा मुख्यतः यामुळे उतरला. 2 ते 3.30 नोंद नाही. ठोके का वाढले हे बँडला कळत नाही. बरं वाटत नसेल तर आज बेताने घ्या.’

मनगटावर फक्त ‘रात्री ठोके नेहमीपेक्षा जास्त’ एवढंच येऊ दे, बाकीचं फोनवर. ‘आज आराम करा’ काढून टाकलंय, बघितलंस? दीड तास झोपी गेलेल्या साक्षीदाराने हुकूम सोडायचे नसतात.

ओळ तपासताना लोकांना ‘आवडली का?’ विचारू नकोस. फोटोकॉपीवाल्यांना पोकळ कारणही आवडलं होतं. ओळ वाचायला दे आणि विचार, ‘आता तुम्ही काय कराल? आणि हा आकडा चुकला असेल तर कशामुळे?’ दुसऱ्या प्रश्नाला उत्तर येत नसेल, तर ओळ पुन्हा लिही. आकडा नको असेल तर तो लपवायची सोयही मागून घे. काहींना खुलाशापेक्षा तीच जास्त उपयोगी पडते, तुझ्या आईला कदाचित पडेल.

पहिली चाचणी घरीच घे. उद्या सकाळी आईने कॅलेंडरवर तिचं लिहून झालं, की नवी ओळ तिला मोठ्याने वाचून दाखव. ती पुन्हा ‘का गं?’ म्हणाली, तर समजावायला जाऊ नकोस. तिने जे विचारलं ते तिच्याच शब्दांत लिहून घे, आणि सोमवारी मीटिंगमध्ये तसंच्या तसं वाच.

– ताई